काढ्याच्या आधी आंबील

नमस्कार श्रोतेहो.

पावसाची झड लागली की घरात एकाला सर्दी होते, दोन दिवसांत दुसरा शिंकायला लागतो आणि मग गॅसवर काढ्याचं पातेलं चढतं. तुळस, आलं, मिरी, दालचिनी, वरून गुळाचा खडा. 2020 मध्ये करोनाच्या काळात आयुष मंत्रालयानंही तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा सुचवला होता. तेव्हापासून तर कितीतरी घरांत त्याची सवयच लागून गेली. काढा मलाही आवडतो. वाफेनं नाक जरा मोकळं होतं, घशाला शेक मिळतो, अंगात तरतरी येते. पण रोगाशी लढणाऱ्या पेशी काढ्यातून तयार होत नाहीत. त्यांना लागतात प्रथिनं, लोह, जस्त, अ आणि क जीवनसत्त्व, आणि हे सगळं येतं रोजच्या ताटातून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई घराघरात आहे. तिला पावसाळ्यात सारखा ताप येत असेल, तर आधी तिच्या पानात काय पडतंय ते बघायला हवं.

मटकीचंच घ्या. रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. पावसाळ्यात हवा गार असते, मोड यायला वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी डब्यात घालून उबेला ठेवा. मोड आले की दाण्यातलं लोह आणि जस्त शरीराला शोषून घ्यायला सोपं जातं, आणि कोरड्या मटकीत नसलेलं थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. पावसाळ्यात मात्र मोड कच्चे खाऊ नका. ज्या ओलसर उबेत मोड फुटतात, तिथेच जंतूही वाढतात. गरोदर बाई, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना तर शिजवूनच द्या. आणि लिंबू पिळायचं ते उसळ ताटात वाढल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं. त्या लिंबामुळे उसळीतलं लोह अंगी लागतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर तेच लोह चहा अडवून धरतो. तासाभरानं घ्या.

आता आंबील. नाचणी हे गरिबाचं धान्य म्हणून आपण बाजूला सारलं, आणि 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर झाल्यावर तीच नाचणी चकचकीत पाकिटात महाग होऊन परत आली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात आणि गव्हात त्याच्या आसपासही नसतं. चार माणसांसाठी चार मोठे चमचे पीठ घ्या. रात्री ते वाटीभर पाण्यात आणि दोन चमचे ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी किंचित आंबूस वास येतो. पातेल्यात तीन-चार वाट्या पाणी उकळायला ठेवायचं आणि त्यात हे कालवण एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. इथे हात थांबला की गुठळी झालीच. पाच-सात मिनिटांत रंग गडद होतो, चकाकी येते, कच्चट वास जातो. मग मीठ, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड. खाली उतरवून कोमट होऊ द्या आणि मगच दोन वाट्या ताजं ताक घाला. उकळत्या आंबिलीत घातलेलं ताक फाटतं, आणि आतड्याला उपयोगी पडणारे त्यातले जिवंत जंतूही मरतात. आपल्या प्रतिकारशक्तीचा फार मोठा भाग आतड्यापाशीच वसलेला असतो, म्हणून ताकाचं हे एवढं कौतुक.

सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि काळ्या वाटाण्याची उसळ करतात. ऐन पावसाळ्यात पालेभाजी आणि कडधान्य एकाच पानात! शेवग्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्व देणारा कॅरोटीन भरपूर असतो आणि तो शरीरात शोषला जायला तेल-खोबरं लागतं. वरून पेरलेलं ओलं खोबरं नुसतं चवीपुरतं नसतं. शहरात पाला मिळाला नाही तर लाल माठ, अंबाडी, जे ताजं मिळेल ते आणा. पेरू आला की पेरू, कार्तिकात आवळा. मधुमेह असेल तर मोरावळ्यापेक्षा मीठ लावलेली आवळ्याची फोड बरी.

हळदीचं दूध झोपताना खुशाल घ्या, पाव चमचा हळद पुष्कळ झाली. पण हळदीच्या, गुळवेलीच्या गोळ्या आणि चूर्णं महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेऊ नका. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, तरी ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा कायमची औषधं सुरू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही सुरू करू नये.

आणि तान्ह्या बाळाच्या आज्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बाळाला मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. आईच्या अंगावरचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, ते मात्र थेंबभरही वाया घालवू नका. रोगाशी लढणारी तयार प्रतिपिंडं त्यात असतात. सहा महिने आईचंच दूध, आणि लसी वेळच्या वेळी.

तीन दिवसांत ताप उतरला नाही, धाप लागली, मूल दूध-पाणी घेईनासं झालं किंवा लघवी कमी झाली, तर घरात काढा उकळत बसू नका, जवळचं आरोग्य केंद्र गाठा. तापात घरात गोळी कुठली द्यायची तीही नीट बघून द्या. या दिवसांत डेंग्यू असतो, आणि डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेननं रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल द्या, वय आणि वजन सांगून मात्रा विचारून घ्या, आणि सोबत पातळ पेज, ताक, पाणी थोडं थोडं पाजत राहा.

नमस्कार.