चंद्राची वेळ पाळताना

विक्का हा देवीची आणि निसर्गाची उपासना करणारा एक आधुनिक पंथ, आणि मी त्यातली. त्याचं नाव काढलं की लोक मला मंत्र विचारतात. मेणबत्ती कुठल्या रंगाची लावायची, इच्छा किती दिवसांत पुरी होते, असं बरंच काही. आज मी बोलणार आहे ते वाट बघण्याबद्दल. या मार्गावर मला जी शांतता लाभली, ती वाट बघण्यातून लाभली.

आधी थोडा इतिहास. चेटूक येतं असा दावा करणं गुन्हा ठरवणारा ब्रिटनमधला 1735 चा विचक्राफ्ट कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि तीनच वर्षांनी विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांनी या पंथावर उघडपणे पुस्तक लिहिलं. त्यांच्या सहकारी पुरोहिता डोरीन व्हॅलिएंट यांनी विधींची भाषा नव्याने घडवली. देवीच्या तोंडचं जे आवाहन आजही पौर्णिमेला वाचतात, त्याचं गद्य त्यांचं. महिन्यातून एकदा, शक्यतो पूर्ण चंद्र असताना एकत्र जमा, हा त्यातला आदेश मात्र चार्ल्स लेलँड यांच्या 1899 च्या पुस्तकातून आलेला. पौर्णिमेच्या या मेळाव्याला ‘एस्बॅट’ म्हणतात. तो शब्द मार्गारेट मरे यांच्या 1921 च्या ग्रंथातून पंथात आला. ख्रिस्तपूर्व धर्म गुप्तपणे टिकून राहिला होता, हा मरे यांचा सिद्धांत इतिहासकारांनी पुढे खोडून काढला. त्याचं मला वाईट वाटत नाही. उपासना नवी असली तरी खरी असू शकते, असं मी मनापासून मानते.

एस्बॅटचा गाभा म्हणजे ‘चंद्र खाली उतरवणं’. पुरोहित देवीला आवाहन करतो आणि पुरोहितेच्या मुखातून देवी बोलते. देवी आकाशात आहे की त्या बाईच्या आतच आहे, याचं उत्तर विक्कातली माणसं आपापल्या परीने देतात. चंद्र उतरवणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख प्राचीन ग्रीक साहित्यातही येतो. थेसली प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होता. तिथल्या अग्लाओनिकी नावाच्या बाईबद्दल प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहून ठेवलंय: तिला चंद्रग्रहणाच्या वेळा ठाऊक होत्या, म्हणून आपण चंद्र उतरवतो असं ती इतर बायकांना पटवू शकायची. प्लुटार्कला त्यात फसवणूक दिसली. मला दिसते ती चंद्राची वेळ इतकी नेमकी ओळखणारी एक बाई. किती रात्री तिने वर बघत काढल्या असतील!

माझी सुरुवात मात्र मागण्यांनी झाली. दर पौर्णिमेला वहीत एक इच्छा लिहायची, मेणबत्ती लावायची, संपलं. मधले दिवस चंद्र कुठे असतो याचा मला पत्ताच नसायचा. एका वर्षात कधी बारा, कधी तेरा पौर्णिमा येतात. माझ्या त्या वर्षी तेरा आल्या. वर्षाअखेरीस वही उघडली तर तेराही पानांवर शब्द तेवढे वेगळे, मागणं एकच: मला भीती वाटू नये. वही मिटून मी बराच वेळ बसून राहिले.

त्यानंतर मी लिहिणं थांबवलं आणि रोज बघायला लागले. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. कालच्या वेळेला जाऊन उभं राहिलात तर आकाश रिकामं असतं. साडेएकोणतीस दिवसांचं हे चक्र आपल्या घाईसाठी एक मिनिटही पुढे सरकत नाही. याची सुरुवातीला चीड येते. मग हळूहळू खांदे सैल पडतात, श्वास लांबतो. ज्यावर आपला काडीचाही ताबा नाही अशी एक गोष्ट वेळेवर होते आहे, हे रोज डोळ्यांनी बघण्यात केवढा आधार आहे!

वाढत्या चंद्रात नवं काम हाती घ्यावं, उतरत्या चंद्रात काही सोडून द्यावं, हे तुम्ही सगळीकडे वाचाल. चांगलंच आहे ते. पण माझी सर्वांत जवळची रात्र अमावस्येची. त्या रात्री कसलाही विधी करायचा नाही, असं अनेकजण पाळतात. मीही पाळते. दिवा मालवून खिडकीशी बसते. भीती तेव्हाही येते. तिला घालवायचा प्रयत्न मी करत नाही, तीही बसते माझ्याबरोबर. मग एक-दोन दिवसांनी सूर्य मावळताच पश्चिमेला क्षितिजालगत नखाएवढी कोर दिसते. ती थोडाच वेळ असते, म्हणून त्या संध्याकाळी मी दुसरं काहीही ठरवत नाही.