गळते ती लाळ, राहतो तो आवंढा

(दृश्य : मांडीवर पेपर, झुकलेली मान, कागदावर पडणारा थेंब)

पार्किन्सन (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) झालेल्या आजोबांची मान छातीशी आली आहे, ओठ किंचित उघडे. थेंब पडला, त्यांना कळलंही नाही.

घरचे म्हणतात, लाळ फार सुटते. खरं तर निरोगी तोंडातही दिवसाला लीटरभर लाळ तयार होते. पार्किन्सनमध्ये ती बहुधा तेवढीच असते, कधी कमीसुद्धा. आपण नकळत आवंढा गिळत असतो. या आजारात तो गिळायचाच राहून जातो. चेहऱ्याचे स्नायू मंदावल्याने ओठ नीट मिटत नाहीत, आणि झुकलेल्या मानेमुळे लाळ पुढेच येते.

म्हणून आधी बैठक सुधारायची. पाठीला उशी, पेपर स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला.

(दृश्य : आरशासमोर सराव)

ओठ मिटा. दात जुळवा. जीभ टाळूला लावा. आता जोर लावून गिळा. बोलण्याआधी एकदा, खुर्चीतून उठण्याआधी एकदा. मनगटावरचं घड्याळ ठरावीक वेळाने थरथरतं, तीही गिळण्याची खूण. बिनसाखरेचा च्युइंगगम चघळला की गिळणं वाढतं. पण जेवताना ठसका लागत असेल तर गम नको, चघळायची गोळीही नको. आणि हनुवटी रुमालाने घासू नका, टिपा. घासून कातडी सोलवटते.

लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाचा असर उतरल्यावर लाळ जास्त गळते का, तेही वेळेसह लिहून ठेवा. डॉक्टर डोसच्या वेळा बदलू शकतात.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा)

पडद्यावर दिसते ती कानापुढची लालाग्रंथी. सुईचं टोक आत शिरताना पाहा. हे बोट्युलिनम टॉक्सिन, ग्रंथीतली लाळ कमी करणारं इंजेक्शन. त्याच्या इन्कोबोट्युलिनम प्रकारात एकूण 100 युनिट : कानापुढच्या दोन्ही ग्रंथींत 30-30, जबड्याखालच्या दोन्हींत 20-20. दुसऱ्या प्रकारचं युनिट याच्या बरोबरीचं धरू नये. सुई चुकून शेजारच्या स्नायूत गेली तर चावणं-गिळणं आणखी अशक्त होतं, म्हणून हा पडदा. गुण आठवड्याभरात दिसू लागतो, तीन-चार महिने टिकतो.

ग्लायकोपायरोलेटच्या गोळीने तोंड सुकतं, पण बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणंही येऊ शकतं. ट्रायहेक्सीफेनिडिल या पार्किन्सनवरच्या, तोंडही सुकवणाऱ्या औषधाने वयस्कांना भ्रम होतो. केवळ लाळेसाठी ते नकोच.

लाळ श्वासनलिकेत उतरली तर न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका, गुरगुरता ओला आवाज आणि ताप : त्याच दिवशी डॉक्टरांकडे.