चुकलेलं सर्व्हिसिंग आणि गाडीची वॉरंटी

(ग्राहक दिनाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. "एक सर्व्हिसिंग राहिलं, आता वॉरंटी गेली का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं. उत्तर सुरुवातीलाच सांगतो. वॉरंटी सरसकट जात नाही. एखाद्या भागापुरती मात्र जाऊ शकते, आणि दुर्दैवाने तो भाग बहुतेक वेळा इंजिनच असतो.

आधी वॉरंटी कशाची असते ते पाहू. कारखान्यात वापरलेला माल खराब निघाला किंवा जोडणीत चूक झाली, तर तो भाग कंपनी स्वखर्चाने दुरुस्त करून किंवा बदलून देणार, एवढाच तो करार असतो. मारुतीने जुलै २०२४ मध्ये ही मुदत २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरवर नेली. ही जबाबदारी कंपनीची. गाडीबरोबर मिळणाऱ्या वॉरंटीच्या पुस्तिकेत तुमचीही एक जबाबदारी छापलेली असते, ती म्हणजे ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग करून घ्यायची. पहिली तीन सर्व्हिसिंग साधारण १ हजार, ५ हजार आणि १० हजार किलोमीटरला असतात. त्यांना फ्री म्हणतात, पण फ्री असते ती मजुरी. ऑइल-फिल्टरचे पैसे आपणच देतो.

आता कळीचा मुद्दा. जो भाग बिघडला, त्याचा चुकलेल्या सर्व्हिसिंगशी संबंध आहे का? पॉवर विंडोची मोटर दीड वर्षात बंद पडली. दहा हजाराचं सर्व्हिसिंग झालेलं नव्हतं. त्या सर्व्हिसिंगमध्ये त्या मोटरला कुणी हात तरी लावणार होतं का? नाही. मग ऑइल बदललं नाही म्हणून खिडकीची मोटर जळाली, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? स्क्रीन, दरवाजाचं लॉक, सीटबेल्ट, पत्र्याला आतून सुटलेला गंज, या सगळ्यांना हेच लागू. शोरूमचा ॲडव्हायझर संगणकात तुमची हिस्टरी उघडतो, एक सर्व्हिस रिकामी दिसली की "वॉरंटीत बसत नाही" म्हणून मोकळा होतो. तिथे माना डोलावून परत येऊ नका, एवढ्यासाठी मी आज इथे उभा आहे.

काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हे कलम जास्त कडक असतं, हेही सांगायला हवं. "वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिसिंग न झालेल्या गाडीला वॉरंटी लागू नाही" अशा अर्थाचं वाक्य असतं. कुठे "देखभालीच्या अभावामुळे झालेला बिघाड" असं असतं. दोन्हींत फरक मोठा आहे, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान आज घरी गेल्यावर वाचा. पण कडक वाक्य असलं तरी बिघाडाचा आणि सर्व्हिसिंगचा काहीच संबंध नसताना ते पुढे करणं ग्राहक आयोगासमोर टिकवणं कंपनीला सोपं जात नाही. सवलत नाकारणाऱ्या कलमाचा आधार जो घेतो, ते कलम इथे कसं लागू होतं हे त्यानेच दाखवायचं असतं.

आता दुसरी बाजू. ती ग्राहकांना आवडत नाही, पण खरी आहे.

एक निवृत्त गृहस्थ छोटी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आले होते. तीन वर्षांची गाडी, रनिंग जेमतेम नऊ हजार. भाजी मंडई, बँक, नातवाची शाळा, एवढाच वापर. त्यांचं म्हणणं साधं होतं, दहा हजार झालेच नाहीत तर ऑइल कशाला बदलायचं? टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, खराब झाला, क्लेम नाकारला गेला. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढल्यावर आत काय दिसावं? कॅमशाफ्टभोवती काळा, चिकट गाळ, बोट फिरवलं तर लोण्यासारखा जमा होणारा. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळसर फेस. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, की या क्लेमला लढण्यात अर्थ नाही.

हे का झालं? सर्व्हिसिंगची अट "१० हजार किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" अशी असते, आणि आपण शेवटचे चार शब्द वाचतच नाही. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून तयार होणारी वाफ आणि थोडं पेट्रोल पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं, नाहीतर तिथेच साचतं. ऑइलमधली रसायनंही काळाबरोबर संपत जातात. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ती वाट गाळाने अडली की बेअरिंग गेलंच. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीला सर्व्हिसिंग कमी लागतं हा समज सोडा. पुण्या-मुंबईच्या गर्दीत रखडणारी गाडी आणि कच्च्या रस्त्यावर धूळ खाणारी गाडी, दोन्हींना बहुतेक पुस्तिकांमध्ये "कठीण वापर" म्हणून आणखी लवकर ऑइल बदलायला सांगितलेलं असतं.

ऑइल, कूलंट, एअर फिल्टर, आणि जिथे असेल तिथे टायमिंग बेल्ट, हे चुकवलं तर इंजिनाचा क्लेम धोक्यात येतो, आणि तो नाकारणं बऱ्याचदा रास्तही असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आपल्या कोकणात तर जास्तच. ते वर्षानुवर्षं बदललं नाही तर ब्रेकच्या भागांबद्दल भांडताना आपली बाजू लंगडी पडते.

दुसरा प्रश्न नेहमी येतो, तो बाहेरच्या गॅरेजचा. "बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी रद्द" असं सांगितलं जातं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड केला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं, हा त्यातला मुख्य आक्षेप. त्याच आदेशात असंही सांगितलं होतं, की ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजकडून काम करून घेतलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये; बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. माझ्या मते या विषयावर आपल्याकडे इतकं न्याय्य वाक्य दुसरं लिहिलं गेलेलं नाही. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचा वाद लांबला. त्यामुळे केवळ त्या आदेशाच्या जोरावर काउंटरवर काम होईल असं मी सांगणार नाही. पण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख जरूर असू द्या.

बाहेर काम केलंत तर कागद मात्र चोख हवेत. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टरचा पार्ट नंबर. "सर्व्हिसिंग, २५०० रुपये" एवढं लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पुरावा नव्हे. आपले गॅरेजवाले प्रामाणिकपणे काम करतात, पण बिल लिहायचा त्यांना कंटाळा. तुम्ही आग्रह धरा. त्यात गॅरेजवाल्याचंही भलं आहे, उद्या दोष त्याच्या माथी मारला तर त्याच्याकडेही कागद असेल.

क्लेम नाकारला तर काय करायचं? पहिली गोष्ट, नकार लेखी मागा. तोंडी नकाराला काही किंमत नाही. जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, "कस्टमर नेग्लिजन्स" (ग्राहकाचा निष्काळजीपणा) एवढाच शेरा असेल तर विचारा: कोणता भाग गेला, का गेला, आणि कोणत्या चुकलेल्या कामामुळे गेला? एका ताईंच्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर नाकारला होता, कारण काय, तर दुसरं फ्री सर्व्हिसिंग झालं नव्हतं. त्यांनी हेच तीन प्रश्न कंपनीच्या ग्राहक विभागाला मेलवर विचारले. त्या सर्व्हिसिंगमध्ये कॉम्प्रेसरचं कुठलंही काम नव्हतं, त्यामुळे उत्तर देणं कुणालाच जमेना, आणि कॉम्प्रेसर बदलून मिळाला.

दुसरी गोष्ट, खराब भाग घाईने बाहेर बदलून टाकू नका. तो भाग हाच पुरावा असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. भागच भंगारात गेला असेल तर तपासणार काय?

तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच दाद मागता येते. फी नाममात्र आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, पुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. शोरूमच्या "बघतो, वरती कळवलंय" यात ती दोन वर्षं निघून जाऊ देऊ नका.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल थोडंच. ती पैसे मोजून घेतलेला वेगळा करार आहे, तिच्या अटी वेगळ्या आणि बऱ्याचदा जास्त कडक असतात. ती घेतली असेल तर सर्व्हिसिंगच्या तारखा चुकवूच नका. ईव्हीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. बॅटरीला बऱ्याच गाड्यांत ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते, पण ऑइल नसलं म्हणून सर्व्हिसिंग नसतं असं नाही. बॅटरी थंड ठेवणाऱ्या कूलंटची तपासणी तिथेही आहेच.

ज्यांचं सर्व्हिसिंग आत्ताच राहिलेलं आहे, त्यांनी "गेलं ते गेलं, आता पुढच्यालाच करू" असं म्हणू नका. उशिरा झालेलं सर्व्हिसिंग न झालेल्यापेक्षा कितीतरी बरं. याच आठवड्यात गाडी लावा. ऑइल बदलण्याआधी त्याची अवस्था पाहायला सांगा, झाकण उघडून आतला फोटो काढा आणि "गाळ नाही, आवाज नाही" असं जॉब कार्डवर लिहून घ्या. उद्या इंजिनाबद्दल वाद झालाच, तर त्या तारखेला ते ठणठणीत होतं हे त्यांच्याच कागदावर असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.