डोक्यावर घेतलेले, डोक्यात गेलेले

१९९४च्या जानेवारीत ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाने आपला वार्षिक कौल छापला. वाचकांनी निवडलेला वर्षातला सर्वोत्तम नवा बँड होता स्टोन टेंपल पायलट्स. समीक्षकांनी सगळ्यांत वाईट नवा बँड निवडला, तोही स्टोन टेंपल पायलट्स. नव्या जावयाबद्दल सासूचं आणि सासऱ्याचं मत एकाच कागदावर लिहून घ्यावं, तसा हा कौल आहे. (हशा)

आयोजकांनी मला विषय दिला, ‘कोणते अल्टरनेटिव्ह रॉक बँड खरे थोर आणि कोणते उगाच डोक्यावर घेतलेले?’ मी लगेच हो म्हणालो, कारण चहा पाजून भांडायला कोण बोलावतं हल्ली? आता मात्र जरा घाबरलोय. दुसऱ्या रांगेत जॉय डिव्हिजनचा टी-शर्ट दिसतोय मला. पल्सार ताऱ्याच्या लहरींचं ते चित्र आज त्या बँडच्या गाण्यांपेक्षा जास्त लोकांना माहीत असेल. तुम्ही गाणी ऐकली आहेत ना? बरं, मग बसा.

तर स्टोन टेंपल पायलट्स. समीक्षकांचा राग होता तो नकलेवर. पीक सिएटलमध्ये आलं आणि कापणी सॅन डिएगोच्या पोरांनी केली, असा एकंदर सूर. गायक स्कॉट वायलंडचा आवाज पर्ल जॅम या सिएटलच्या बँडच्या एडी व्हेडरवर बेतलेला वाटायचा, हे खरंच आहे. मीही तेव्हा समीक्षकांच्या बाजूने होतो. कॉलेजच्या वयात चार लोकांना आवडलेलं आपल्याला न आवडणं हीच मोठी हुशारी वाटते. पुढे कधीतरी त्यांचा दुसरा अल्बम ‘पर्पल’ नीट ऐकला आणि ओशाळलो. डीन आणि रॉबर्ट डिलिओ हे दोघे भाऊ गिटार आणि बेसवर जे कॉर्ड लावतात, ते सिएटलच्या कुणाकडून उचललेले नाहीत. चाल सरळ रस्त्याने जातेय म्हणेपर्यंत एखाद्या बोळात शिरते आणि पुन्हा बरोबर हमरस्त्यावर येते. थोर बँड? नाही म्हणणार मी. पण ‘वाईट’ म्हणणाऱ्यांनी आवाजाची ढब ऐकली आणि गाणं ऐकलंच नाही.

इथून मला मुद्द्यावर यायचंय. या वादात एक शब्द हमखास तलवारीसारखा उपसला जातो, तो म्हणजे ‘प्रभाव’. अमुक बँड थोर का? तर त्याचा प्रभाव बघा! माझं म्हणणं असं की प्रभाव मुख्यतः उचलायला सोप्या गोष्टीचा पडतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं. पुढे त्यांच्या गाण्यात छोट्या छोट्या, मध्येच सोडून दिलेल्या स्वरावली आल्या. मग दोन्ही फुप्फुसं ठणठणीत असलेली तरुण मंडळी तशीच तुटक गाऊ लागली. कुमारांचा प्रभाव पडला खरा, पण कशाचा? दम तोडण्याचा. त्या दोन तुटलेल्या स्वरांमधली शांतता कुणाला उचलता आली?

हे डोक्यात ठेवा आणि पिक्सीजकडे चला. बॉस्टनचा बँड, १९८६चा. गायक ब्लॅक फ्रान्सिस, बेसवर किम डील, गिटारवर जोई सँटिआगो आणि ढोलावर डेव्हिड लव्हरिंग. अमेरिकेत त्यांचे रेकॉर्ड त्या काळात बेताचेच खपले आणि १९९३मध्ये बँड मोडला. पण निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनने १९९४च्या त्याच जानेवारीत एका मुलाखतीत उघड कबूल केलं की ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ लिहिताना आपण पिक्सीजची सरळ नक्कल करत होतो. कसली नक्कल? कडवं हळू, धृपद कानठळ्या बसवणारं. कडव्यात नुसता बेस, ढोल आणि पुटपुटणं. धृपद आलं की भिंत कोसळते. पुढची दहा वर्षं रेडिओवर ही भिंत इतक्यांदा कोसळली की तिचा ढिगारा साफ करणारं खातं काढायला हवं होतं.

ही युक्ती कुणालाही जमते. एका दुपारी शिकवता येते. पण पिक्सीजचं बाकीचं घेऊन बघा. ब्लॅक फ्रान्सिस ओळीत एखादी मात्रा खातो किंवा जास्तीची घालतो, आणि गाणं लंगडत नाही, उलट पुढे झेपावतं. विद्यार्थी असताना तो काही महिने पोर्तो रिकोला राहिला होता, तिथलं मोडकंतोडकं स्पॅनिश तो मध्येच किंचाळतो. आणि शेजारी किम डील इतक्या निवांतपणे गात असते की घरात भांडण चालू असताना कुणीतरी खिडकीत बसून केस विंचरतंय असं वाटावं. यातलं कुणी काय उचललं? जवळजवळ काहीच नाही. पिक्सीजचा सगळ्यांत प्रभावी भाग हा त्यांचा सगळ्यांत स्वस्त भाग आहे. ते थोर आहेत ते उरलेल्या भागामुळे.

आता प्रभावाचं आद्यपीठ, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड. १९६७चा पहिला अल्बम, मुखपृष्ठावर चित्रकार अँडी वॉरहॉलचं केळं असलेला. त्याच्याबद्दलचं वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय: फार थोड्यांनी तो विकत घेतला, पण ज्याने घेतला त्या प्रत्येकाने बँड काढला. हे संगीतकार ब्रायन ईनो १९८२च्या एका मुलाखतीत बोलला होता. पहिल्या पाच वर्षांत तीसच हजार प्रती खपल्याचं बँडचा गायक-गिटारवादक लू रीडने आपल्याला सांगितलं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे कंपनीचा हिशेबाचा कागद सापडला, त्यात १९६९च्या फेब्रुवारीपर्यंतच अठ्ठावन्न हजारांच्या वर खप होता. म्हणजे वाक्य गोड, आकडा कच्चा. पण दंतकथेला गरीब नायक लागतो.

या दंतकथेचा मला कंटाळा आलाय, हे कबूल करतो. त्या रेकॉर्डमध्ये ऐकण्यासारखं काय आहे हे सांगायचं सोडून लोक तिची मुलंबाळं मोजत बसतात. मी सांगतो काय ऐकायचं ते. ‘व्हीनस इन फर्स’ लावा. खाली जो सतत एक स्वर घोंघावत राहतो, तो बँडमधल्या जॉन केलचा व्हिओला, व्हायोलिनचा थोरला भाऊ. आणि लू रीडने गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात मिळवल्यात, सप्तक वेगळं पण स्वर तोच. तंबोऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. आणि हा योगायोगही नाही. केल त्याआधी न्यूयॉर्कमध्ये संगीतकार ला माँट यंगच्या मंडळीत तासन् तास एकच स्वर धरून वाजवायचा. हे यंग साहेब पुढे, १९७०मध्ये, किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे गंडाबंद शागीर्द झाले. म्हणजे ज्या स्वरलगावावर मिरज-धारवाडकडची आपली पिढ्यान् पिढ्यांची भक्ती, त्याच दारात हा माणूस शेवटी येऊन बसला. व्हेल्व्हेटच्या रेकॉर्डवर किराणा घराण्याचा प्रभाव आहे असं म्हणून कृपया घरी जाऊ नका, सनावळी उलटी आहे. मी एवढंच म्हणतोय की या माणसांना स्थिर स्वराची ओढ होती, आणि ती ओढ कानाला कळते. कुणी किती बँड काढले याचा तिथे काही संबंध नाही.

निर्वाणाबद्दल दोन वेगळी मतं देतो. गाणी थोर. क्रांतीची गोष्ट मात्र फुगवलेली. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम सप्टेंबर १९९१मध्ये आला तेव्हा कंपनीने अमेरिकेत सुरुवातीला सेहेचाळीस हजारांच्या आसपास प्रती काढल्या होत्या. ११ जानेवारी १९९२च्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत त्याने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली उतरवून पहिला नंबर घेतला. हे सगळे सांगतात. पण त्याच्या सात-आठ महिने आधी काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. तोपर्यंत ‘बिलबोर्ड’ची यादी दुकानदारांना विचारून बनायची. कॅसेटच्या दुकानात उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे की मालकाला ‘काय खपतंय’ विचारलं तर तो स्वतःला काय खपवायचंय तेच सांगतो. मे १९९१पासून बारकोडवर मोजलेली खरी विक्री धरायला सुरुवात झाली आणि आजवर न दिसलेली गिऱ्हाइकं एकदम दिसू लागली. आणि पहिला नंबर म्हणाल, तर आर.ई.एम.चा ‘आउट ऑफ टाइम’ त्याच वर्षी, निर्वाणाच्या आधी, तिथे जाऊन आला होता. या आर.ई.एम.च्या पहिल्याच ‘मर्मर’ला १९८३मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी ‘थ्रिलर’च्या वर बसवलं होतं. आज त्यांचं नाव या वादात कुणी काढतसुद्धा नाही. न भांडता, न मरता, २०११मध्ये ‘आता पुरे’ म्हणून शांतपणे थांबलेल्या बँडची दंतकथा होत नाही. माझ्या मते या क्षणी सगळ्यांत कमी लेखलेला बँड हाच.

(श्रोत्यांतून: रेडिओहेड?)

हां, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. ‘ओके कंप्युटर’, १९९७. त्याला हात लावणार नाही, तो मी आजही वर्षातून दोनदा ऐकतो. प्रश्न ‘किड ए’चा आहे. २००० साली आला, सिंगल नाही, रीतसर व्हिडिओ नाही, गिटार जवळजवळ गायब, तरी अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर. ‘पिचफोर्क’ या संगीत संकेतस्थळाने दहापैकी दहा दिले, ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने पाचपैकी दीड. मला विचाराल तर पहिलं गाणं, शीर्षकगीत, ‘नॅशनल अँथम’, ‘इडिओटेक’ हे अस्सल. मधला काही भाग मी आदराने ऐकतो, आणि गाणं आदराने ऐकावं लागतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे. बँडचा दोष कमी, भक्तांचा जास्त. अवघड वाटलं की ते थोरच असणार, कळलं नाही तर आपलीच पात्रता कमी! ही सवय आपल्याला मैफिलीत लागलेली आहे. समोर काय चाललंय ते न कळता ‘वाह’ म्हणणारे आपण काही कमी आहोत? उलट रेडिओहेडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडला ऐकायचं असेल तर २०१५चा ‘जुनून’ ऐका. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादकांबरोबर केलेला. जगभर डोक्यावर घेतलेला हा माणूस तिथे ढोल आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत कोपरा धरून बसलेला ऐकू येतो. रेडिओहेडचे भक्त या अल्बमचं नाव क्वचितच काढतात.

बाकीच्यांचा निकाल भराभर लावतो, घड्याळ दाखवतायत. स्मॅशिंग पंपकिन्सचा ‘मेलन कॉली’ अठ्ठावीस गाण्यांचा आहे. त्यातली चौदा ठेवा, थोर अल्बम होईल. कुठली चौदा यावर दोन चाहत्यांचं एकमत झालं तर मला कळवा. स्ट्रोक्स २०२३मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर येऊन गेले, मी गर्दीत होतो, उड्याही मारल्या, या वयात. पण २००१चा पहिला अल्बम सोडला तर मुद्दल तेवढंच आणि वीस वर्षं व्याजावर संसार. ओएसिसची इंग्लंडातल्या नेबवर्थची गर्दी मोजायची तर दोन रात्रींत अडीच लाख. गर्दी थोर, गाणी पाच-सहा.

पर्ल जॅमवर मात्र जरा थांबतो. कोबेन त्यांना धंदेवाईक म्हणायचा. आणि १९९४मध्ये त्यांच्यातलेच दोघे, स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट, तिकिटांच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षीला जाऊन बसले. त्या लढाईत त्यांना यश आलं नाही. मला या माणसांबद्दल फार आदर आहे. पण वागणुकीचे मार्क गायनाच्या पेपरात धरता येत नाहीत, आणि ‘टेन’ या पहिल्या अल्बमनंतरचे त्यांचे बरेच अल्बम मी कपाटातून काढतच नाही. आमच्या काळात मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात हेडफोन लावून उभ्या उभ्या ऐकायची सोय होती, तिथे कुणाचं चारित्र्य ऐकू यायचं नाही.

आता शेवटची गोष्ट, मग रेकॉर्ड लावतो. पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’ अल्बम ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने १९८७च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रेकॉर्ड केला. पंधराशे डॉलर घेतले आणि विक्रीवरच्या रॉयल्टीचा हिस्सा साफ नाकारला. हा हिस्सा त्याने आयुष्यभर कुणाकडून घेतला नाही. पुढे निर्वाणाला पत्रात लिहिलं होतं की मला प्लंबरसारखे पैसे द्या. किम डीलच्या आवाजाला घुमारा हवा म्हणून त्याने तिला स्टुडिओच्या बाथरूममध्ये उभं केलं. ते रेकॉर्डिंग ऐकूनच इंग्लिश गायिका पीजे हार्वी त्याच्याकडे आली, कोबेन आला. आणि याच अल्बिनीने १९९१मध्ये छापून टाकलं की पिक्सीज म्हणजे फार तर बेचव करमणूक करणारा कॉलेजछाप बँड. चौघांना उद्देशून गाईगुरांची उपमाही दिली होती, ती मी इथे सांगत नाही. कितीतरी वर्षांनी त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला.

म्हणजे बघा, ज्याने प्रत्येक माइक आपल्या हाताने लावला, ज्याने ते आवाज सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जवळून ऐकले, त्याला तेव्हा तो बँड डोक्यात गेला होता. मी त्याच्यावर हसत नाही. कदाचित तो फारच जवळ उभा होता.

दिवे थोडे कमी करा. पहिलं गाणं, ‘बोन मशीन’. सुरुवातीला एकटा लव्हरिंगचा ढोल आहे, खोलीच्या भिंतींसकट. बेस येईपर्यंत कुणी खोकू नका.