फ्लोरेन्सच्या भिंतींसमोर

श्रोतेहो, नमस्कार. फ्लोरेन्सला पोचलेला चित्रकार बहुधा आधी उफ्फिझी संग्रहालयाची रांग धरतो. माझा आग्रह असा, की पहिली सकाळ सांता क्रोचे चर्चला द्यावी. मुख्य वेदीच्या उजवीकडे लागूनच दोन छोटी दालनं आहेत, बार्दी आणि पेरुझ्झी. दोन्ही जोत्तो या इटालियन चित्रकारानं रंगवलेली. बार्दीतले चेहरे आजही बोलतात, पेरुझ्झीत मात्र पुष्कळ ठिकाणी सावल्याच उरल्या आहेत. दोन्हींवर 18व्या शतकात चुना फासला गेला आणि 19व्या शतकात तो खरवडून काढला. मग फरक कशानं पडला?

बार्दीत मुख्यतः ओल्या गिलाव्यावर काम झालं. आधी चुना-वाळूचा जाड, खरबरीत थर. त्यावर बारीक गिलावा अगदी पातळ, आणि तोही दिवसभरात रंगवून होईल तेवढाच. रंग नुसत्या पाण्यात कालवायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंगाचे कण त्याच्या कवचात अडकतात. हाताशी वेळ असतो काही तासांचाच. चुकलं तर तेवढा गिलावा खरवडायचा आणि नव्यानं लावायचा. काम वरून खाली, म्हणजे ओघळ तयार भागावर येत नाहीत.

पेरुझ्झीत बरंचसं काम वाळलेल्या गिलाव्यावर झालं. तिथे रंगाला चिकट माध्यम लागतं. काळाच्या ओघात ते कमकुवत होतं आणि चुना खरवडताना रंगही निघून येतो. आपल्या अजिंठ्याची चित्रंही वाळलेल्या गिलाव्यावरचीच आहेत, म्हणून हा फरक आपण नीट समजून घ्यायला हवा.

गेरू, पिवडी, हिरवी माती चुन्यात टिकतात. अझुराइट या खनिजाचा निळा मात्र वाळल्यावर सरसानं लावावा लागे. म्हणून शहरभर मेरीच्या झग्याचा निळा झडलेला आढळतो. तो फिका रंग चित्रकारानं निवडलेला नाही.

सोबत छोटी दुर्बीण ठेवा. समोरून पाहून झालं की बाजूला सरका. तिरप्या उजेडात एकेका दिवसाच्या गिलाव्याचे सांधे उठून दिसतात. चेहऱ्याभोवती सांधा दिसला, तर त्या एका डोक्याला अख्खा दिवस दिला असं समजा. मोकळं आकाश मात्र एका दिवसात भराभर उरकलेलं असतं.

तिथून सांता मारिया नोव्हेल्ला चर्च. तिथे चित्रकार मासाच्चोचं ‘त्रिनिटी’ हे भित्तिचित्र, साधारण 1427 सालचं. चित्रातल्या इमारतीच्या रेषांसाठी त्यानं ओल्या गिलाव्यावर सूत मारलं, त्याचे खाचे अजून दिसतात. सगळ्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर मिळतात. त्यामुळे सपाट भिंत आत खोलवर गेल्याचा भास होतो, पण अगदी जवळ उभं राहिलं तर तो उमगत नाही. चित्राच्या मध्यरेषेवर या आणि मागे मागे सरकत जा. एका अंतरावर चित्रातल्या छताचे चौकोन आत वळतात. तिथेच थांबा.