पोह्यांची गाडी आणि तोटीचा ड्रम

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीवरचं खाऊ नका, हे सांगायला मी आलेली नाही. मी स्वतः आवडीने खाते. मला आज बोलायचंय ते पाण्याबद्दल. वाहत्या पाण्याबद्दल.

वडा उकळत्या तेलातून निघतो, पोहे वाफेतून उतरतात. तिथे जंतूंचा निभाव लागत नाही. कावीळ, टायफॉइड, जुलाब येतात ते चटणीतून, चिरून ठेवलेल्या कांद्यातून, पाणीपुरीच्या पाण्यातून आणि एकाच बादलीत बुचकळलेल्या ताटलीतून. पुन्हा सांगते, बादलीत बुचकळलेली ताटली धुतलेली नसते. आधीच्या दहा जणांचं उष्टं तिला लागलेलं असतं.

मी पुण्यात एका दवाखान्यात बसत होते, तेव्हाची गोष्ट. पोह्यांची गाडी लावणाऱ्या एक ताई तीन महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीच्या जळजळीसाठी आल्या. मी जरा रागानेच विचारलं, "पाणी पिता की नाही?"

त्या म्हणाल्या, "पिऊन जाऊ कुठं, मॅडम?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटे चारला घर सोडायचं, अकराला गाडी आवरायची, जवळपास बाईमाणसाला जाण्याजोगा संडास नाही. म्हणून सात तास घोटभर पाणी नाही, आणि समोर शेगडी धगधगतेय.

दुसऱ्या दिवशी सहालाच मी गाडीवर गेले. 20-20 लिटरचे दोन कॅन, लांबच्या नळावरून सायकलला बांधून आणलेले. एक प्यायला नि पोहे भिजवायला. दुसऱ्यात ताटल्या, चमचे, हात, सगळंच. कमरेला एक फडकं. त्यानेच कढईचा कान धरायचा, त्यानेच ताटली पुसायची, त्यानेच कपाळाचा घाम. ते फडकं त्या रोज रात्री साबण लावून धूत. पहाटे पांढरंशुभ्र असायचं, सातच्या सुमाराला हळदीने पिवळं आणि ओलंगच्च. ओल्या फडक्यात जंतू भराभर वाढतात. बाई अस्वच्छ नव्हत्या हो. पाणी पुरत नव्हतं.

मग आम्ही दोघी शेजारच्या किराणा दुकानदारांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी मागचा नळ वापरायला दिला आणि संडासाची किल्लीही. ताईंनी तोटीचा ड्रम आणला, स्टुलावर ठेवला, खाली बादली. तोटी बारीक सोडली की पेलाभर पाण्यात हात स्वच्छ होतात, आणि वापरलेलं पाणी पुन्हा हाताला लागत नाही. साबण जाळीच्या पिशवीत घालून तोटीलाच बांधला. ताटल्याही आधी साबणाने घासून मग तोटीखाली. पैशांसाठी डबा ठेवला, टाकायचे गिऱ्हाइकाने आणि सुटे घ्यायचेही त्यानेच. फडकी एकाऐवजी चार, सुकी.

प्लास्टिकचे हातमोजे मात्र मला पटत नाहीत. मोजा चढवला की माणूस हात धुवायचं विसरतो. मोज्याने नोट घेतो आणि त्याच मोज्याने कांदा भुरभुरवतो. त्यापेक्षा धुतलेला उघडा हात शंभरपट बरा.

बर्फाचंही सांगते. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम आहे. गाडीवर तसला बर्फ दिसला तर सरबत घेऊ नका. खरं तर लिंबू-सरबताला बर्फ हवाच कशाला? माठाचं पाणी घ्या. घराघरांतून माठ गेले, याचं मला फार वाईट वाटतं. त्या पाण्याला मातीचा वास असायचा, पहिल्या पावसासारखा. असो.

पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक शहराच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. या बायांनी तिथे नळ आणि संडास मागावा, आणि आपण गिऱ्हाइकांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं. नळाशिवाय स्वच्छतेचा दंड वसूल करणं हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गाडीवर गेलात की आधी पाणी बघा. वाहतं आहे की साठलेलं, एवढंच.

ताई जळजळीसाठी पुन्हा दवाखान्यात आल्या नाहीत. मीच गेले पोहे खायला. गाडीच्या दांडीला पाण्याची बाटली लटकत होती. सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि बाटली अर्धी झाली होती.

नमस्कार.