वरची कडी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावच्या वाचनालयात भयकथांचं एक पुस्तक होतं. खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर शाईने घातलेला नंबर, आणि पानं हाताळून हाताळून इतकी मऊ झालेली की उलटताना आवाजही येत नसे. त्यातल्या एका कथेच्या डोक्यावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'रात्री वाचू नये. एक अनुभवी.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'काही होत नाही.' आणि त्याच्याही खाली, त्याच दुसऱ्या अक्षरात, पण जरा घाईघाईने, 'होतं.'

पुस्तकात शेरे मारणाऱ्यांवर आमचे ग्रंथपाल भयंकर चिडायचे. मला मात्र हा दोन नंबरचा वाचक फार जवळचा वाटतो. गोष्ट खोटी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो घाबरला, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करण्याआधी प्रामाणिकपणे तसं नोंदवून गेला. पुढचं पुस्तकही त्याने त्याच कपाटातून नेलं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आता भुतं काही आपल्याला नवी नाहीत. कोकणातल्या एखाद्या आजीला विचारा, ती बसल्या जागी यादी सांगेल. मुंजा पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात. चकवा रात्रीच्या वाटेवर. हडळीचे पाय उलटे. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, वेळ ठरलेली, मागणीही ठरलेली. नारळ द्या, कोंबडा द्या, देवळात गाऱ्हाणं घाला. अशा भुताची भीती वाटते, पण त्याच्याशी व्यवहार करता येतो. तिन्हीसांजेला पिंपळाखालून गेलं नाही की प्रश्न मिटला.

भयकथा लिहिणाऱ्याने काय केलं, तर हा पत्ताच पुसून टाकला. नारायण धारपांच्या कथेत बऱ्याचदा सगळं अगदी साधं सुरू होतं. कुणी नवीन घर घेतं, कुणी जुनी वस्तू विकत आणतं. भाषा सरळ, शेजाऱ्याने सांगितल्यासारखी. धारपांनी इंग्रजीतून पुष्कळ उचललं, 'लुचाई' हे तर स्टीफन किंगच्या कादंबरीचं रूपांतर. हे त्यांच्या भक्तांना माहीत असतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्याच एका कथेने राही बर्वे या दिग्दर्शकाला पछाडलं. त्याने ती वाचली नव्हती, नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली होती. २०१८चा 'तुंबाड' त्यातून पुढे आला.

रत्नाकर मतकरींची तऱ्हा वेगळी. धारपांकडे निदान 'समर्थ' हा त्यांचा भुताखेतांशी लढणारा नायक धावून येतो, आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. मतकरींच्या गूढकथेत कुणी येत नाही. दोन खोल्यांचं घर, नोकरी करणारा माणूस, आणि त्याच्या मनातली एक कीड. धारप मोठे की मतकरी, यावर मी मित्रांशी चहा गार होईपर्यंत भांडलोय. माझं मत मतकरींना. आकाशवाणीवरून बोलतोय म्हणून नाही, पण सांगायला हरकत नाही, त्यांची पहिली एकांकिका १९५५मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरूनच झाली.

पण हे सगळं कथेतच का रंगतं? कादंबरीत का नाही? कादंबरीत भुताची सवय होते हो. तीनशे पानं सोबत राहिल्यावर ते घरचंच वाटायला लागतं. कथा एका बैठकीत संपते आणि सावरायला वेळच देत नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स नावाचे मोठे विद्वान नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवायचे. वाचायला बसण्याआधी एक मेणबत्ती ठेवून बाकीच्या विझवायचे. वाचण्यापुरता उजेड त्यांना, बाकीचा अंधार श्रोत्यांना.

आणि खरी गंमत कळते ती दुसऱ्यांदा वाचताना. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची माकडाच्या पंजाची गोष्ट घ्या, १९०२ची. पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. म्हातारा २०० पौंड मागतो. मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई म्हणून बरोबर तेवढेच पैसे घरी येतात. पुढे आई हट्टाने म्हाताऱ्याला मुलगा परत मागायला लावते. रात्री दारावर थाप पडते.

आता बघा हं. दहा दिवसांपूर्वी गेलेला, यंत्राने चिरडलेला मुलगा दाराबाहेर उभा आहे. तो कसा दिसतो, याबद्दल एक ओळ नाही. लेखक आपल्याला दाखवतो ती दाराची कडी. खालची कशीबशी निघते, वरची उंचावर. आईचा हात पोचत नाही. ती नवऱ्याला हाका मारते, मग खुर्ची ओढते. वर काळोखात म्हातारा जमिनीवर चाचपडत पंजा शोधतोय. खुर्ची सरकल्याचा आवाज, कडी निघाल्याचा आवाज, आणि त्याच क्षणी त्याची तिसरी इच्छा. दार उघडतं. बाहेर रस्ता रिकामा, समोर दिवा मिणमिणतोय.

पहिल्यांदा वाचताना मी मुलाला घाबरलो होतो. पुढे कधीतरी लक्षात आलं, त्याला उभा मीच केला होता, आणि जेकब्जपेक्षा कितीतरी भयानक.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या घराच्या मागच्या दाराला दोन कड्या आहेत, वरचीला अजूनही स्टूल लागतं. गेल्या महिन्यात घरी गेलो होतो. रात्री दिवे मालवल्यावर आई आतून म्हणाली, "वरची घातलीस ना रे?"

घातली होती. तरी उठून बघून आलो.

नमस्कार.